‘तीस दिवसांत पहिला नंबर’ आणि वाचकांचे इतर प्रश्न

सांगलीत वडिलांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल अशी कामं असायची. मी तिथेच डीटीपी शिकले आणि २०११ पासून छोट्या धंद्यांच्या वेबसाइटची कामं करते. ‘आमचा धंदा गूगलवर वर कसा येईल’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली बरीचशी पैसे गेल्यानंतर लिहिलेली आहेत, म्हणून आज पैसे अजून खिशात असलेल्यांची पत्रं आधी घेते.

आमची हापूसची बाग आहे. पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतो. स्वतःची वेबसाइट आहे. जानेवारीत एका कंपनीचा फोन आला. ‘आम्ही गूगलचे पार्टनर आहोत, तीस दिवसांत पहिला नंबर, लेखी गॅरंटी, ३६ हजार रुपये,’ असं ते म्हणतात. द्यावेत का?
*आंबा बागायतदार, देवगड तालुका*

देऊ नका, दादा. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच वेबसाइट मालकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. गूगलशी आपले खास संबंध आहेत असं सांगणाऱ्यापासून सावध राहा, हेही तिथेच लिहिलं आहे. ‘पार्टनर’ हा बिल्ला खरा असू शकतो, पण तो गूगलच्या जाहिराती चालवणाऱ्या संस्थांना मिळतो. फुकटच्या निकालात, म्हणजे जाहिरात नसलेल्या यादीत, कोण वर यावं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता त्या लेखी गॅरंटीबद्दल. माझ्याकडे एक काजूवाल्या ताई असाच करारनामा घेऊन आल्या होत्या. त्यात दहा शब्दप्रयोग होते आणि या दहांसाठी पहिला नंबर आणून देऊ, असं लिहिलं होतं. आम्ही दोघी पेन घेऊन बसलो. सातांमध्ये त्यांच्याच ब्रँडचं नाव होतं. आपलं नाव टाकलं की आपणच वर येतो, त्याला कोणी लागत नाही. उरलेले तीन इतके लांबलचक की तसं कोणी टाइपच करणार नाही. कंपनीने करार अक्षरशः पाळला होता. ताईंना वर्षभरात त्या दहांपैकी एकाही शब्दावरून नवं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

दुसरी गोष्ट. तुमच्या फोनवर तुम्ही पहिले दिसता, यावर विसंबू नका. तुम्ही देवगडात बसून शोधता, तुमचं गिऱ्हाईक डोंबिवलीत बसून शोधतं. शोधणारा कुठे आहे हे गूगल बघतं आणि यादी त्याप्रमाणे बदलते. खरा हिशोब साइट मालकांसाठीच्या गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात दिसतो. ते फुकट आहे. लोकांनी काय टाइप केल्यावर तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, सरासरी कितव्या जागेवर होतं, हे सगळं त्यात असतं आणि मागच्या १६ महिन्यांचं राहतं. जूनमध्ये उघडलंत तर सरलेला हंगाम आणि त्याच्या मागचा हंगाम, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. आंबेवाल्यासाठी याहून कामाचा कागद नाही.

आणि वेळ. बदल करून त्याचा उपयोग दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असा अंदाज गूगलनेच दिला आहे. म्हणजे जानेवारीत सुरू केलेलं काम एप्रिलच्या पेट्यांना पुरणार नाही. हे काम पावसाळ्यातलं. बाग मोकळी झाली की बसा आणि गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते लिहून काढा. पेटीत किती डझन आणि एका फळाचं वजन साधारण किती? फळ पेंढ्यात पिकवता की कच्चं पाठवता? घरी आल्यावर किती दिवस ठेवायचं? पुण्याला गाडी कोणत्या वारी जाते? कार्बाइड वापरता का? (कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला कायद्याने बंदी आहे, तरी लोक विचारतात, आणि विचारणारच.) रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याचे अधिकृत वापरकर्ते असाल तर नोंदणी क्रमांक पानावर ठळक द्या.

एक चूक मात्र दर वर्षी बघते आणि जीव हळहळतो. हंगाम संपला की आंब्याचं पान काढून टाकतात आणि पुढल्या मार्चमध्ये नव्या पत्त्यावर नवं पान करतात. पान तेच ठेवा. वर एक ओळ टाका, ‘यंदाचा हंगाम संपला, पुढची नोंदणी अमुक महिन्यात.’ त्या पत्त्याने वर्षभरात जे काही कमावलं असेल ते तसंच राहू द्या.

आमची फाउंड्री आहे. वेबसाइट करणाऱ्याने ‘कीवर्ड’च्या रकान्यात दोनशे शब्द भरलेत आणि पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत आणखी शंभर. हे बरोबर आहे ना?
*शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर*

तो कीवर्डचा रकाना पानाच्या कोडमध्ये असतो, वाचणाऱ्याला दिसत नाही. निकाल ठरवताना आम्ही तो बघत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. तो रिकामा ठेवा. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं मात्र आजच काढून टाका, कारण दडवलेला मजकूर गूगलच्या नियमांत थेट फसवणुकीत मोडतो आणि त्यापायी साइट खाली जाऊ शकते, निकालांतून बाहेरही पडू शकते.

तुमची साइट मी बघितली. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास.’ पुण्याच्या किंवा होसूरच्या कारखान्यात बसलेला परचेसवाला माणूस ‘ध्यास’ शोधत नाही. त्याच्या हातात ड्रॉइंग असतं. ग्रे आयर्न की एसजी आयर्न, कोणता ग्रेड, एका नगाचं वजन किती किलोपर्यंत जातं, महिन्याला किती टन ओतता, मोल्डिंग हाताने की मशीनवर, मशिनिंग करून देता का, स्पेक्ट्रोमीटर तुमचा स्वतःचा आहे का, हे त्याला हवं असतं. यातलं एकही तुमच्या साइटवर नाही. तुमच्या छापील माहितीपत्रकात मात्र सगळं आहे, चौथ्या पानावरच्या तक्त्यात. तो तक्ता तसाच टाइप करून साइटवर घ्या. आणि प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं ठेवा. तुमच्या अकराच्या अकरा पानांचं शीर्षक ‘होम’ आहे आणि शोधणाऱ्याला यादीत तेच निळ्या अक्षरांत दिसतं.

आम्ही पिढ्यान्पिढ्या पैठणी विणतो. साइट मराठीत हवी, असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं आहे. साइट करणारा म्हणतो, गूगलला मराठी कळत नाही, सगळं इंग्रजीतच हवं. कोण बरोबर?
*विणकर कुटुंबातली सून, येवला*

सासरे बरोबर आहेत. गूगलला मराठी वाचता येतं. पण ‘मराठी कळत नाही’ हा समज कुठून आला, ते मला ठाऊक आहे, कारण मी त्यातूनच आले आहे.

छापखान्यात आम्ही श्री-लिपीत काम करायचो, काही जण कृतिदेव वापरायचे. त्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘पैठणी’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फक्त मराठी आकाराचा मुखवटा चढवलेला असतो. कागदावर छापायचं असेल तर काही बिघडत नाही. वेबसाइटवर तो मजकूर टाकला की गूगलला मुखवटा दिसत नाही, खालची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप केलेली मराठी मात्र थेट मराठी म्हणूनच साठवली जाते आणि वाचली जाते.

परीक्षा अगदी सोपी आहे. तुमच्या साइटवरची एक मराठी ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठी उतरलं तर युनिकोड आहे. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं उतरली तर जुना फॉन्ट आहे. आणि ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र आहे.

मी तुमच्या साइटवर हे करून बघितलं. ओळ निवडता आली नाही. साड्यांची नावं, काठाचे प्रकार, भाव, सगळं फोटोवर लिहिलेलं आहे, दिवाळीच्या शुभेच्छांच्या चित्रासारखं. महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका, असा गूगलचा स्पष्ट सल्ला आहे. म्हणजे तुमच्याकडे लिहिलेलं भरपूर आहे, पण शोधणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने पान जवळपास कोरं आहे.

इंग्रजीची बाजूही सांगते. पुष्कळ मराठी माणसं मोबाइलवर ‘पैठणी’ रोमन अक्षरांतच टाइप करतात आणि परराज्यातली, परदेशातली गिऱ्हाइकं तर इंग्रजीच वापरतात. तेव्हा पानं दोन्ही भाषांत करा, पण वेगवेगळी. एकाच परिच्छेदात दोन्ही भाषा कालवू नका. मशीनने केलेलं भाषांतर न वाचता चढवू नका, ‘बांगडी-मोर’ या नक्षीच्या नावाचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

काय लिहायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नारळी काठ म्हणजे काय, मुनिया कुठे येते, पदर भरायला किती दिवस बसावं लागतं. हातमागावरची पैठणी उलटी केली तरी नक्षी सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते आणि यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे असतात, हे सांगा आणि दोन्हींच्या उलट बाजूचे फोटो शेजारी-शेजारी लावा. गिऱ्हाइकाच्या मनात हाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर विणणाऱ्या घराइतकं भरवशाने दुसरं कोणी देऊ शकत नाही.

दोन वर्षं गूगलला जाहिरातीचे पैसे देतोय, तरी खालच्या फुकटच्या यादीत आमचं नाव वर का सरकत नाही?
*दंतवैद्य, ठाणे*

डॉक्टर, ती दोन वेगळी खाती आहेत. जाहिरात दिल्याने फुकटच्या यादीत जागा मिळत नाही आणि जाहिरात बंद केल्याने ती जातही नाही. जाहिरातीवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं आणि पैसे थांबले की ती त्याच दिवशी दिसेनाशी होते. नवा दवाखाना असेल तर पहिले काही महिने जाहिरात चालवणं रास्त आहे. पण तो खर्च एसईओच्या, म्हणजे फुकटच्या यादीत वर येण्याच्या कामाच्या, खात्यात मांडू नका. तसा मांडून दाखवणारी बिलं माझ्याकडे आली आहेत.

ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान आहे. दसऱ्याला नवी, सुंदर वेबसाइट केली. तेव्हापासून गूगलवरून येणारे फोन जवळपास बंद झाले. साइट करणारे म्हणतात, गूगल नव्या साइटला सहा महिने दाबून ठेवतं, थांबा. थांबू का?
*बारामती*

थांबू नका. तुमची साइट नवी नाही. पत्ता तोच आहे, घर पाडून पुन्हा बांधलं आहे. फोन अचानक बंद झाले म्हणजे बांधकामात काहीतरी चुकलं आहे.

हे मी ठामपणे सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या एका घराची साइट मी नव्याने केली होती. त्यांच्या कारखान्यात पंढरपूरकडून आलेले भोपळे रांगेने ठेवलेले असतात, त्यांचे फोटो काढायला मी दोन दिवस जात होते. साइट देखणी झाली. काम चालू असताना अर्धवट पानं गूगलने उचलू नयेत, म्हणून वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एक खूण केली होती. ‘रीडिंग’ नावाच्या भागात तळाशी एक छोटा चौकोन असतो. त्यात खूण केली की ही साइट नोंदवू नका, असा निरोप शोधयंत्रांना जातो. साइट सुरू केली आणि ती खूण काढायची राहून गेली.

तीन आठवड्यांनी त्या घरच्या काकांचा फोन आला. ‘ताई, परदेशातून येणारी पत्रं थांबली आहेत. काय झालं असेल?’ रागावले नव्हते, नुसतं विचारत होते. मी गूगलवर ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, पुढे कोलन आणि त्यांचा पत्ता असं टाकून बघितलं. त्याने गूगलकडे नोंदलेली त्या साइटची पानं दिसतात. एकही पान आलं नाही. तो चौकोन उघडला तर खूण तिथेच. तीन आठवडे तंबोरा शोधणाऱ्या लोकांपासून मी त्या घराला लपवून ठेवलं होतं. खूण काढली, सर्च कन्सोलमधून पानं पुन्हा तपासायला पाठवली. हळूहळू सगळी परत आली, पण शेवटचं पान यायला दीड महिना गेला. मी त्या कामाचे उरलेले पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक साइट सुरू करताना हा चौकोन मी स्वतः उघडून बघते, दुसऱ्याला सांगत नाही.

तुम्हीही आधी तेच करा. ‘साइट’ आणि कोलन टाकून स्वतःचा पत्ता शोधा. काहीच आलं नाही, तर तो चौकोन बघायला सांगा. पानं आली, पण ती उघडल्यावर ‘हे पान सापडत नाही’ असं दिसलं, तर दुसरी चूक आहे. नव्या साइटमध्ये पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे वाट काढून दिली नाही. डेव्हलपर याला ३०१ म्हणतात. हा बदल कायमचा आहे, एवढंच तो आकडा सांगतो. जुन्या साइटवरच्या सगळ्या पानांची यादी काढून प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहा आणि त्या वाटा किमान वर्षभर तरी चालू ठेवा, असं गूगल सांगतं. मी तर त्या कधीच काढत नाही.

तिसरी शक्यता तुमच्या पत्रातच दिसते. तुम्ही लिहिता की जुन्या साइटवर ‘इनलाइन की ऑनलाइन नळी, उसाला कोणती’ असा एक लांब लेख होता आणि नव्या डिझाइनमध्ये बसत नाही म्हणून तो काढला. बहुतेक तुमचे फोन त्याच लेखावरून येत होते. सर्च कन्सोलमध्ये दसऱ्याच्या आधीचे तीन महिने उघडा, खात्री होईल. लेख जुन्याच पत्त्यावर परत ठेवा.

तीन हजारांत पाचशे बॅकलिंक मिळतात. घेऊ का? आमची डोमेन ऑथॉरिटी ९ आहे, ती वाढेल म्हणतात.
*यात्रा कंपनी, नाशिक*

घेऊ नका. दुसऱ्या साइटने तुमच्याकडे दिलेली लिंक ही शिफारस असते, या विचारावरच गूगल १९९८ मध्ये उभं राहिलं. त्यामुळे शिफारशी विकत घेण्याचा बाजारही लगेच उभा राहिला. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने क्रम ठरवण्याच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला तो याच्याविरुद्ध, आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट रातोरात कोसळल्या. डोमेन ऑथॉरिटी हा साइटचं वजन किती याचा अंदाज सांगणारा आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीने काढलेला आहे. गूगल तो वापरत नाही. तुम्ही ज्या भक्तनिवासांत, हॉटेलांत वर्षानुवर्षं गाड्या नेता, त्यांच्या साइटवर तुमचं नाव आहे का, ते विचारा. तशा चार लिंका खऱ्या.

मी घरून डबे देते. वेबसाइट नाही. एक जण म्हणतो, वेबसाइटशिवाय गूगलवर येताच येत नाही. दुसरा शंभर रिव्ह्यू विकत देतो म्हणतो. माझं बजेट फार नाही.
*सातारा*

ताई, तुम्हाला आत्ता वेबसाइट लागत नाही. गूगलचं ‘बिझनेस प्रोफाइल’ उघडा. ते फुकट आहे. नकाशासोबत जी दुकानांची नावं येतात ती त्यातूनच येतात. पूर्वी याला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. तिथला क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो. शोधणाऱ्याला जे हवंय ते तुम्ही देता का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती लोकांना माहीत आहे. पैसे देऊन हा क्रम बदलत नाही.

नाव लिहिताना डब्यावर किंवा पाटीवर जे आहे तेवढंच लिहा. ‘साताऱ्यातील सर्वोत्तम घरगुती डबा’ असं नावात घुसडलं की प्रोफाइल बंद होऊ शकतं. गिऱ्हाइकं तुमच्या घरी येत नसतील, तर पत्ता दाखवू नका, डबा कुठे कुठे पोचवता ते भाग निवडा. शाहूपुरी, सदरबझार, एमआयडीसी, जिथे खरंच जाता तेवढेच.

रिव्ह्यू विकत घेऊ नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणंही नियमात बसत नाही. रोजच्या गिऱ्हाइकांना प्रोफाइलवरून मिळणारी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि मनात येईल ते लिहा, एवढंच सांगा. कोणी ‘भाजी तिखट होती’ लिहिलं तर खाली शांतपणे उत्तर द्या, की कमी तिखटाचा डबा वेगळा सांगता येतो. ते उत्तर पुढचे सगळे वाचतात.

पडताळणीसाठी गूगल बहुधा व्हिडिओ मागतं. सकाळी ओट्यावर डबे ओळीने भरून ठेवलेले असतात तेव्हाच तो काढा. घराबाहेरचा रस्ता, मग दार, मग तो ओटा आणि फूड लायसन्सचा कागद, असं एका दमात, मध्ये न थांबवता. पत्रात तुम्ही लिहिलंय की एकादशीला उपासाचा डबा असतो. तो प्रोफाइलवर वेगळा पदार्थ म्हणून फोटो आणि भावासकट टाका, आषाढीच्या आधी पंधरा दिवस तरी.